पूर्वरूपाचा शोध

पनवेलच्या कुशीत सिडकोने वसवलेल्या करंजाडेसारख्या वसाहती हा बदलत्या भारताचा आरसा आहे. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि श्रमाची सवय असलेले शरीर खुर्चीत बसले. या समृद्धीच्या पावलांनी मधुमेह घरात शिरतो, तो मात्र दार न वाजवता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्ती असल्याचा अंदाज मांडला. खरी लढाई या उंबरठ्यावरच आहे.

व्याधी प्रकट होण्यापूर्वी तिचे पूर्वरूप ओळखावे, ही दृष्टी आपल्या वैद्यकपरंपरेला नवी नाही. प्रमेहाची पूर्वरूपे चरकसंहितेत सविस्तर आली आहेत. आधुनिक विज्ञान तेच पूर्वरूप आज रक्तातील प्रथिनांत शोधत आहे. रक्तातील वाढीव साखर प्रथिनांना चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. हीच सर्वपरिचित एचबीए१सी चाचणी. परंतु लोहाच्या कमतरतेत हा आकडा फुगू शकतो आणि सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर नष्ट झाल्याने तो खाली येऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. मग आपल्या माताभगिनींचे निदान केवळ या एका आकड्यावर सोपवायचे काय?

याचे एक उत्तर पुण्यात शोधले जात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी यांच्या गटाने अल्ब्युमिन या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. अल्ब्युमिन कमी असलेल्या मधुमेहींत इतर प्रथिनांना साखर अधिक चिकटते, हे या गटाने २०१२ मध्ये दाखवले. साखर चिकटलेले अल्ब्युमिन गेल्या दोन-तीन आठवड्यांची स्थिती सांगते आणि रक्तक्षयाने सहसा फसत नाही. यकृत व मूत्रपिंडाच्या विकारांत त्यालाही मर्यादा आहेत. म्हणूनच एका प्रथिनावर न विसंबता अनेकांचा समूह तपासणे श्रेयस्कर. जपानने अल्ब्युमिनची ही चाचणी आपल्या वैद्यकव्यवहारात रुळवली आहे. आपण का मागे राहावे?

भारतीय शरीराची घडणही वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपली बालके वजनाने हलकी, पण त्यामानाने मेद राखून असलेली आढळली. वरवर सडपातळ दिसणारा भारतीयही या रोगाच्या कक्षेत येतो, तो असा. परकीय शरीरांवर बेतलेले मापदंड येथे डोळे झाकून लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय.

प्रयोगशाळेत सापडलेले प्रथिन आणि गावातील दवाखान्यात मिळणारी स्वस्त चाचणी यांमध्ये मोठे अंतर आहे. हजारो निरोगी व्यक्तींचे रक्तनमुने जतन करून वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केल्याशिवाय ते पार होणार नाही. शासनाने त्यासाठी दीर्घकालीन निधी द्यावा, भारतीय उद्योगांनी स्वदेशी चाचणीसंच घडवावेत आणि करंजाडेसारख्या वसाहतींतील सामाजिक संस्थांनी नागरिकांना या अभ्यासासाठी उभे करावे. चाचणी येईपर्यंत चालणे, मिताहार आणि नियमित तपासणी यांना पर्याय नाही. संशोधकांनी दिशा दाखवली आहे. आता समाजाने पाऊल उचलण्याची वेळ आहे.