एका कॅरेक्टरचे दीड लाख डॉलर!

गेममधल्या एका कॅरेक्टरला दीड लाख डॉलर? आमची अख्खी विंग हसली. मीही हसलो. पण हिशोब बघा राव! 2013 मध्ये ‘स्कलगर्ल्स’ या फायटिंग गेममध्ये स्क्विग्ली हे नवं कॅरेक्टर आणायला लॅब झीरोने इंडीगोगोवर लोकांकडेच वर्गणी मागितली आणि खर्च उघड मांडला. आठ जणांचा दहा आठवड्यांचा पगार 48 हजार डॉलर, बाहेरून करून घ्यायचं अ‍ॅनिमेशन 30 हजार, टेस्टिंग 20 हजार. लोकांनी आठ लाखांवर डॉलर दिले! आपण मात्र क्रॅक केलेले गेम पेनड्राइव्हवर फिरवतो (सगळ्यात भरलेला माझाच). उद्या आपल्या कोडला कोणी ‘एवढे कसले पैसे?’ म्हणालं की डोकं फिरेल आपलं. असा हिशोब आधी दाखवणाऱ्याला मी वर्गणी देईन. गॅदरिंगच्या वर्गणीचा तपशील मात्र अजून नोटीस बोर्डवर दिसायचाय.