लयींतील संकर

‘संकर’ हा शब्द उच्चारतांच आमच्या घरांतून कपाळास आठी पडते. संगीताच्या बाबतींत तर ती अधिकच ठळक होते. अमेरिकन जाझ आणि आपला तबला यांचें मिश्रण म्हणजे दोहोंची विटंबना, असें मत येथें नवी मुंबईंत सुशिक्षित मंडळींच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतों. मुलें तबल्याचा वर्ग सोडून ड्रम शिकूं म्हणतात, तेव्हां या मतास विशेष धार चढते. म्हणून या वेळीं श्री. त्रिलोक गुर्टू यांच्या वादनाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गुर्टू यांचा जन्म मुंबईंत १९५१ सालीं झाला. त्यांच्या मातोश्री कै. शोभा गुर्टू या ठुमरीच्या थोर गायिका. जन्म बेळगांवचा, १९२५ सालचा. शोभाताईंच्या आई मेनकाबाई शिरोडकर या व्यवसायानें नर्तकी असून अल्लादियाखाँसाहेबांकडे गाणें शिकल्या होत्या. शोभाताईंची पहिली तालीम भुर्जीखाँसाहेबांकडे, म्हणजे जयपूर घराण्याची. ठुमरी त्यांनीं पुढें घम्मनखाँसाहेबांकडून घेतली. दोन परंपरा एका गळ्यांत नांदविण्याची रीत या घरीं आधींपासूनच होती. अशा घरांत त्रिलोक यांच्या हातीं बालपणींच तबला आला.

जाझचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरांत, गुलाम म्हणून आणिलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांत झाला. त्याची घडण आपणांस अगदींच परकी वाटूं नये. ठरीव धुन प्रथम वाजवावी, मग तितक्याच मात्रांच्या आवर्तनांवर एकेकानें आपली उपज मांडावी आणि अखेरीस पुन्हां धुनेवर यावें, असा सामान्य क्रम असतो. ‘ब्लूज’च्या नेहमींच्या रचनेंत चार मात्रांचे १२ विभाग, म्हणजे ४८ मात्रा होतात, त्रितालाचीं बरोबर तीन आवर्तनें! मोठा भेद स्वरांचा: आपला षड्ज अचल, तर त्यांची स्वरसंगति पदोपदीं पालटणारी.

पाश्चात्य ड्रमवादक उंच बैठकीवर बसून मोठा ढोल पायानें वाजवितो. गुर्टू जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात. जवळच तबला, झांजा आणि पाण्याची बादली. घुमणारी तबकडी तींत बुडवितांच तिचा सूर वाकून खालीं येतो. जलतरंगाच्या वाटींत पाणी वाढलें म्हणजे सूर उतरतो, तेंच हें तत्त्व: पाण्याचा भार कंपन मंद करितो. मुखानें बोल म्हणणें हाहि त्यांच्या वादनाचा भागच आहे.

‘ओरेगॉन’ या अमेरिकन वाद्यवृंदांतील कॉलिन वॉलकॉट १९८४ सालीं मोटार अपघातांत निवर्तले. पुढें त्यांच्या जागीं गुर्टू आले. हे वॉलकॉट तबला शिकले होते तो उस्ताद अल्लारखा यांजकडे! १९८८ च्या ‘उस्फ्रेट’ या गुर्टूंच्या ध्वनिमुद्रिकेंत शोभाताईंचा आवाज आणि अमेरिकन डॉन चेरी यांचें ट्रंपेट हीं दोन्ही आहेत.

मग आक्षेप कशावर? आम्हांस वाटतें, त्याचें मूळ स्वरांत थोडें आणि माणसांत अधिक आहे. जाझ ज्यांनीं निर्मिलें, त्यांस अमेरिकेंत अनेक ठिकाणीं मागल्या दारानें शिरून गोऱ्यांपुढें वाजवावें लागे. आपल्याकडेहि नर्तकींचें गाणें पांढरपेशे लोक आवडीनें ऐकत, पण त्यांना पंक्तीस घेत नसत. कला घ्यावी आणि कलावंतास दूर ठेवावें, ही अशुद्धता कोणत्याहि संकराहून मोठी होय.

मात्र मिश्रण म्हणजे अर्धवट ज्ञानास मोकळीक नव्हे. अ आणि इ यांचा संधि होऊन ए होतो. पण ज्यास मूळचे दोन स्वरच नीट उच्चारतां येत नाहींत, त्यानें संधि काय करावा? गुर्टूंच्या हातीं दोन्ही स्वर स्पष्ट आहेत, म्हणूनच त्यांचा संधि कानास गोड लागतो. ज्या घरीं मुलानें ड्रमचा हट्ट धरिला असेल, तेथें वडील मंडळींनीं तो अवश्य पुरवावा. सकाळचा तबल्याचा रियाज मात्र सुटूं देऊं नये.