आधी तारीख खरी करा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागतो. जमिनीत चुनखडी आणि कोळसा, शेजारून माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्ग. बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल या उपकंपनीचा वार्षिक 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना 2022 मध्ये इथे सुरू झाला. वणी, घुग्गुस, चंद्रपूर, गडचांदूर या पट्ट्यात सिमेंट आणि कोळशाची कामे आधीपासून होतीच. एवढ्या मोठ्या कारखान्यांना लागणारे रोलर, लाइनर, शाफ्ट, डक्ट, चेन बनवणारी फॅब्रिकेशनची आणि मशिन शॉपची लहान युनिट अशा पट्ट्यात वाढतात. हे संपादकीय त्या युनिटच्या मालकांसाठी आहे, आणि त्यांच्याकडे ऑर्डरींचा हिशेब ठेवणाऱ्या नियोजकांसाठी. विषय आहे रखडलेल्या ऑर्डरींचा.

ऑर्डरी तुंबल्या की हल्ली पहिला सल्ला मिळतो, चांगले सॉफ्टवेअर घ्या. सॉफ्टवेअर जरूर घ्यावे. पण त्याच्याकडून एकाच गोष्टीची मागणी करावी: ग्राहकाला सांगता येईल अशी खरी तारीख. ती मिळत नसेल तर पडद्यावरचे रंगीत तक्ते कितीही देखणे असोत, त्यांनी एकही गाडी भरत नाही.

महाराष्ट्राने थकलेल्या ऑर्डरींचा एक मोठा काळ पुण्यात पाहिला. 1972 मध्ये आलेल्या बजाज चेतक स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. दहा-दहा वर्षांच्या नंबराच्या गोष्टी आजही घरोघरी निघतात. उत्पादन किती करायचे हे तेव्हा सरकारी परवाना ठरवत होता आणि ग्राहकाला दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणून तो थांबला. अलीकडे सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईत मोटारींची बुकिंग तशीच तुंबली. 2022 च्या नोव्हेंबरात महिंद्राच्या प्रलंबित बुकिंगचा आकडा अडीच लाखांवर होता. पण या वेळी प्रत्येक ग्राहकाला बुकिंग रद्द करायची मुभा होती, त्यामुळे किती बुकिंग रद्द होतात याकडेही बाजाराचे तितकेच लक्ष होते. लांब यादी ही मागणीची पावती आहे, असे समजण्याचे दिवस गेले. जितकी यादी लांब, तितकी आपली पत टांगणीला.

एक ऑर्डर जवळून पाहू. समजा, एका युनिटकडे कन्व्हेअर बेल्टचे 500 रोलर बनवायचे काम आले: बेल्ट उचलून धरणारे वरचे 400 आणि परतीच्या बाजूचे खालचे 100. प्रत्येक रोलरला दोन बेअरिंग, म्हणजे 1,000 बेअरिंग हवीत. सॉफ्टवेअरमध्ये साठा दिसतो 1,060. नियोजक निर्धास्त होतो, पाइप कापायला देतो, शाफ्ट टर्निंगला लागतात. जोडणीच्या दिवशी रॅकवर बेअरिंग निघतात 820. उरलेल्या 240 पैकी 180 मागच्या आठवड्यात ‘अर्जंट आहे, नोंद नंतर करू’ म्हणून दुसऱ्या कामात गेली आणि 60 सदोष म्हणून बाजूला ठेवली होती; दोन्हीची नोंद राहून गेली. नवा माल यायला तीन आठवडे. ग्राहकाच्या कारखान्याचे शटडाउन मात्र दहा दिवसांवर.

इथे सॉफ्टवेअर चुकले नाही. त्याला जे सांगितले, तेच त्याने परत सांगितले. जोसेफ ऑर्लिकी यांनी 1975 मध्ये सामग्री नियोजनाची जी पद्धत पुस्तकरूपाने मांडली, तिच्यावरच आजची बहुतेक नियोजन सॉफ्टवेअर उभी आहेत, आणि तिची पहिली अट साठ्याची नोंद खरी असण्याची आहे. हिशेब करून पाहा. एका वस्तूला दहा भाग लागतात आणि प्रत्येक भागाची नोंद शंभरातल्या पंचाण्णव वेळा बरोबर असते. ऐकायला बरे वाटते. पण दहाच्या दहा नोंदी एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता उरते जेमतेम 60 टक्के. म्हणजे दर पाच कामांतली दोन कुठल्या ना कुठल्या भागापाशी अडणार. त्यावर उपाय स्टोअरच्या दारात आहे. चिठ्ठीशिवाय एक नटसुद्धा बाहेर जाता कामा नये, रोज पाच-दहा भाग मोजून नोंदीशी ताडून पाहावेत, आणि फरक निघाला तर आकडा दुरुस्त करून न थांबता त्याचे कारण त्याच दिवशी शोधावे.

रोलरच्या कामात आता काय करायचे? 820 बेअरिंगमध्ये 410 रोलर तयार होतात. सगळे 500 होईपर्यंत माल रोखून ठेवला तर शटडाउन निघून जाईल, आणि चालू बेल्टखालचे रोलर बदलायची संधी ग्राहकाला पुन्हा लवकर मिळणार नाही. म्हणून त्याच दिवशी फोन करायचा आणि विचारायचे, “साहेब, शटडाउनमध्ये आधी काय लागेल?” बहुधा उत्तर येईल की वरचे आधी पाठवा, खालचे मागाहून चालतील. मग 400 वरचे आणि 10 खालचे वेळेत जातात. उरलेल्या 90 ची नवी तारीख ठरते. ऑर्डर अपुरी राहिली, पण ग्राहकाचे काम अडले नाही. हा प्रश्न विचारायचे कोणत्याही सॉफ्टवेअरला सुचणार नाही. तो नियोजकानेच विचारायचा असतो. सॉफ्टवेअरने त्याला दहा दिवस आधी सावध केले पाहिजे.

दुसरा मुद्दा यंत्रांवरच्या भाराचा. पुष्कळ सॉफ्टवेअर मूळ मांडणीत यंत्राची क्षमता अमर्याद धरतात. एका लेथवर एका दिवसात तीन दिवसांची कामे लावली तरी ती निमूटपणे तारीख देतात. मर्यादित क्षमता धरून वेळापत्रक करण्याची सोय असेल तर ती सुरू करा. निदान ज्या यंत्रापुढे कामांचा ढीग साचतो, त्या एका यंत्रापुरती तरी. त्या यंत्राचा भार शंभर टक्क्यांना भिडवण्याचा हव्यासही सोडा. रांगांच्या साध्या गणितानुसार यंत्र 80 टक्के व्यग्र असेल तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतका वेळ थांबावे लागते, 90 टक्क्यांना नऊ आणि 95 टक्क्यांना एकोणीस. यंत्र रिकामे दिसू नये म्हणून घेतलेले शेवटचे काम मागच्या सगळ्या कामांच्या तारखा बुडवते.

भरपूर माल बनवून ठेवला की ऑर्डर थकणारच नाही, असेही काहींना वाटते. सिमेंटवाल्यांना हा मार्ग मोकळा नाही. साठवणीत सिमेंटची ताकद कमी होते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये असा दंडक आहे, म्हणून तर पिशवीवर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. दुसरीकडे, ताशी 240 टनांचा पॅकर एक तास बंद पडला तर 50 किलोच्या 4,800 पिशव्या मागे पडतात. सायलो भरलेला असतो, पण हव्या त्या प्रकारचे सिमेंट त्यात नसते; सिमेंट असते तर छापील पिशव्या संपलेल्या असतात; दोन्ही असतात तेव्हा रेल्वेचा रेक लागलेला नसतो. माल आणि पाठवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तारीख दोन्ही धरूनच द्यायला हवी. आपल्या लहान युनिटमध्येही तेच आहे. तपासणीचा दाखला, रंग, पॅकिंग आणि गाडी यांचे दिवस किती जण धरतात?

तिसरा मुद्दा, टंचाईत आधी कोणाला द्यायचे. आज बहुतेक ठिकाणी ज्याचा फोन मोठ्या आवाजात येतो, त्याचा माल आधी निघतो. त्यामुळे शांतपणे वाट पाहणारा चांगला ग्राहक हातचा जातो, आणि प्रत्येक ‘अर्जंट’ कामासाठी यंत्रावरची सेटिंग मोडल्याने सगळीच कामे लांबतात. नियम लिहून ठेवा: ग्राहकाची गरजेची तारीख पहिली, ऑर्डरची तारीख दुसरी, रक्कम तिसरी. अपवाद करायचा झाला तर तो मालकानेच करावा आणि कारणासह सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावा. महिन्याअखेर ते अपवाद एकत्र वाचले की आपल्या कारखान्यात खरे वेळापत्रक कोण ठरवते ते कळेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पहिली तारीख पुसू नका. काम लांबले की सॉफ्टवेअरमधली तारीख पुढे ढकलायची आणि महिन्याच्या अहवालात ‘95 टक्के वेळेवर’ दाखवायचे, ही सवय फार पसरली आहे. त्या अहवालाने आपण स्वतःलाच फसवतो. ग्राहकाला प्रथम दिलेली तारीख एका वेगळ्या रकान्यात ठेवा, तिथे बदल करायचा अधिकार कोणालाही देऊ नका आणि वेळेवर गेलेल्या मालाची टक्केवारी तिच्यावरूनच काढा. पहिल्या महिन्यात आकडा लाजवेल. त्याच आकड्यातून पुढची सुधारणा सुरू होते.

हे करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही; सुरुवात एक्सेलमध्येही होते. या महिन्यात रखडलेल्या ऑर्डरींची पूर्ण यादी काढा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: पहिली दिलेली तारीख, ग्राहकाच्या गरजेची तारीख आणि काम नेमके कशापाशी अडले आहे. मग सर्वांत जुन्या दहा ग्राहकांना त्यांचा फोन यायच्या आधी आपण फोन करा आणि पाळता येईल तीच तारीख सांगा, ती गैरसोयीची असली तरी. काही जण रागावतील, एखादी ऑर्डर रद्दही होईल. जे राहतील ते तुमच्या तारखेवर त्यांचे शटडाउन आखतील, आणि पुढची चौकशी आधी तुमच्याकडे पाठवतील.