फलकवार गेला, लेणे उरले

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा एक हिशेब कोरलेला आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज भोगायचे. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे पाऊण दराने. पहिल्या ठेवीतून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब करून पाहावा: महिन्याला वीस, वर्षाला २४०, आणि वीस बारे २४०. एक आकडा झिजला तरी उरलेल्यांवरून तो पुन्हा मिळवता येईल.

या लेखातील सर्वांत मोलाचे वाक्य मात्र पुढे येते. हे सारे निगमसभेत ऐकविले आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात नोंदविले, असे ते सांगते. फलकवार म्हणजे त्या नगराचे दप्तर. अधिकृत नोंद तेथे होती. त्या फलकांपैकी एकही आज हाती नाही. डोंगरातली प्रत तेवढी राहिली.

आजच्या इतिहासप्रेमी तरुणांचा संग्रह बहुधा फलकवाराच्याच जातीचा असतो. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, मोडी कागद, पडण्याच्या बेतात असलेले वाडे, या सर्वांची छायाचित्रे एकाच हार्ड डिस्कवर. त्याला 'डिजिटल जतन' म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती सोडावी हे बरे.

डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. टकटक आवाज येऊ लागला की बहुधा हेड निकामी झालेले असते. तेव्हा तत्काळ वीज तोडावी. 'एकदाच चालू करून पाहू' या मोहात हेड तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडते, आणि खरवडलेले कोणालाच वाचता येत नाही. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा तर अघोरीच. आत दव धरते. अशी डिस्क धूळमुक्त कक्षातच उघडावी लागते, आणि ते काम खर्चिक आहे. आवाज नसून केवळ काही भाग वाचला जात नसेल, तर आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. शिलालेखाचा अभ्यासकही भिंत खरवडत बसत नाही, ठसा घेऊन वाचतो.

त्या डिस्कवर नवे काही लिहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता, तरीही खालचा नहपान कित्येकांवर ओळखू येतो. हार्ड डिस्क इतकी उदार नसते. पुनर्लेखन झाले की मागचे संपले.

दुसरी प्रत कोठे ठेवावी, याचे उत्तर अनेकदा समोरच असते. ज्या घरातून वही किंवा रुमाल छायाचित्रणासाठी बाहेर आला, त्या घरी एक प्रत गेली पाहिजे. उपकार म्हणून नव्हे. तो कागद त्यांचा आहे. तिसरी प्रत दुसऱ्या गावी असावी, कारण गोदावरीचा पूर एका कपाटातल्या दोन डिस्कांमध्ये भेद करीत नाही.