आतड्यांचा संयम

प्रतिकारशक्ती वाढवावी, आणि जितकी वाढेल तितकी चांगली, ही समजूत करोनाच्या साथीनंतर आपल्याकडे इतकी दृढमूल झाली आहे की गुळवेलीच्या काढ्यापासून दुकानातल्या गोड दह्याच्या चिमुकल्या बाटल्यांपर्यंत कितीतरी जिन्नस त्या एका शब्दाच्या बळावर घरोघर पोहोचले आहेत. आणि ज्याचे मोठे आतडे महिनोन्महिने सुजलेले आहे, ज्याला दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला धाव घ्यावी लागते व प्रत्येक वेळी रक्त दिसते, अशा रुग्णालाही त्याचे आप्तस्वकीय मोठ्या मायेने हाच सल्ला देतात. या सल्ल्यामागच्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु व्रणयुक्त कोलायटिस आणि क्रोनचा आजार या दोन दीर्घकालीन विकारांत शरीराचा प्रतिकार कमी पडलेला नसतो. तो आवरत नसतो, आणि तो आवरण्यासाठीच डॉक्टर औषधे देत असतात, ही गोष्ट जोवर आपल्या घरांत समजत नाही तोवर त्या मायेचा रुग्णाला उपद्रवच अधिक होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आतड्याची मूळ अवस्था लक्षात घेतली म्हणजे हे विधान वाटते तितके विपरीत नाही हे पटेल. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाच्या देहात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. ते आपल्या स्वतःच्या पेशींच्या दसपट असतात हा पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे नकलून घेतलेला आकडा त्या हिशेबाने रद्दबातल झाला, आणि संख्येने दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीचे ठरले. एवढ्या वस्तीच्या आणि आपल्या रक्तामांसाच्या मध्ये आडवा आहे तो पेशींचा अवघा एक थर. त्या थरावर बुळबुळीत श्लेष्म्याचे दुहेरी आवरण असते, बाहेरचे सैल आणि आतले घट्ट. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे गुन्नार हॅन्सन व त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या आतड्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा बाहेरच्या थरात जंतूंची दाटी आणि आतला थर मात्र जवळजवळ निर्जंतुक असे चित्र त्यांना दिसले. आणि ज्या उंदरांच्या अंगी हा श्लेष्मा घडवणारे मुख्य प्रथिनच नव्हते त्यांच्यात जंतू थेट पेशींना जाऊन भिडलेले होते व ती आतडी सुजली होती. हे संशोधन 2008 सालचे आहे. केसाच्या जाडीशी ज्याची तुलना करता येईल अशा त्या पातळ पडद्यावर माणसाचे स्वास्थ्य किती अवलंबून आहे, याचे मला अजूनही नवल वाटते.

परंतु केवळ पडद्याने हे काम भागत नाही. ज्या मुलखाच्या सरहद्दीवर बारमाही बाजार भरतो तिथल्या नाकेदाराने येणाऱ्या प्रत्येक वाटसरूवर तलवार उपसली तर शत्रू येण्याआधीच मुलूख उद्ध्वस्त होईल, आणि म्हणून आतड्याच्या अस्तराखाली पेशींचा जो प्रचंड फौजफाटा सदैव जमलेला असतो त्याचे बरेचसे कौशल्य हात न उगारण्यात आहे. तिथल्या पेशी रोज ग्रॅमच्या मापात आय-जी-ए नावाची प्रतिपिंडे आतड्यात सोडतात. ती जंतूंना चिकटून त्यांना अस्तरापासून दूर ठेवतात, पण दाह पेटवीत नाहीत. उलट बाजूने जंतूही काही देतात. भाकरीतला कोंडा, पालेभाजीचा चोथा, कडधान्यांची टरफले, जे जे आपल्याला पचवता येत नाही ते आंबवून त्यांतले काही जीवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात; मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपल्या इंधनाचा मोठा भाग या आम्लातून घेतात, आणि हेच आम्ल नियामक टी-पेशींची, म्हणजे इतर लढाऊ पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींची, संख्या वाढवण्यास साहाय्य करते, असे 2013 साली जपानमध्ये व अमेरिकेत उंदरांवर स्वतंत्रपणे झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

या नियामक पेशींच्या शोधासाठी 2025 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोन साकागुची, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. त्या पेशी ज्या एका जनुकाच्या हुकुमाने घडतात ते फॉक्स-पी-3 जनुक जन्मतःच बिघडलेले असेल तर त्या मुलाला आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच न थांबणारे जुलाब लागतात, अंगावर इसब उठते, कित्येकदा मधुमेहही होतो. त्या अर्भकाच्या लढाऊ पेशींत न्यून काहीच नसते. त्यांना आवरणारे कोणी नसते, आणि त्या आपल्याच देहावर तुटून पडतात. प्रतिकारशक्ती म्हणजे जितकी अधिक तितकी बरी असे मानणाऱ्याने या एका आजाराची हकीकत शांतपणे विचारात घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग बिघाड नेमका कोणाचा, जंतूंचा की आपल्या पेशींचा? कोलोन विद्यापीठात 1993 साली ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-10 हे दाह शमवणारे द्रव्य तयारच होऊ नये अशी तजवीज करण्यात आली, त्यांची आतडी आपोआप सुजली. पुढे 1998 साली अशाच उंदरांना संपूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढवले तेव्हा त्यांना हा आजार झाला नाही. म्हणजे दोष आपल्या पेशींत असला तरी जंतूंवाचून तो प्रकट होत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र मामला इतका सरळ नाही, कारण 2001 साली क्रोनच्या आजाराशी ज्याचा संबंध प्रथम सिद्ध झाला ते नॉड-2 जनुक जंतूंची चाहूल घेण्याचे काम करते आणि काही रुग्णांत त्यातील बदलांमुळे ती क्षमता मंदावलेली असते. सरहद्दीवर वेळीच चाहूल न लागल्याने आत पुढे अतिरेक होतो, असे आज बहुतेकजण मानतात. शिवाय युरोपीय रुग्णांत आढळलेले या जनुकाचे ते बदल जपानी रुग्णांत सापडलेच नाहीत. तेव्हा वंशाला सगळा दोष देऊन मोकळे होता येत नाही.

आपल्याला तर मुळीच नाही. हा गोऱ्यांचा रोग, आपल्याकडे तो क्वचितच, असे आमच्या आधीच्या पिढीतील डॉक्टरांना शिकवण्यात आले होते. इंग्लंडमधील लेस्टर परगण्यात जाऊन स्थायिक झालेल्या भारतीयांत व्रणयुक्त कोलायटिसचे प्रमाण स्थानिक गोऱ्यांहून अधिक असल्याचा दाखला 1992 साली प्रसिद्ध झाला, आणि 2003 साली लुधियानाच्या अजित सूद प्रभृतींनी पंजाबात घरोघर केलेल्या पाहणीत दर लाखामागे सुमारे 44 रुग्ण आढळले, तेव्हा ती शिकवण कायमची निकालात निघायला हवी होती. तरी आजही रक्त पडणाऱ्या तरुणाला कोणीतरी मूळव्याध म्हणून मलम देते आणि वर्ष निघून जाते.

मलमापेक्षाही अधिक नुकसान औषधाच्या दुकानात होते. तालुक्याच्या कोणत्याही गावी सायंकाळी दुकानासमोर घटकाभर उभे राहावे: कोणीतरी येऊन ‘आव पडतेय’ एवढेच सांगतो, दुकानदार मागे न वळता हात लांबवून ऑफ्लॉक्सॅसिन व ऑर्निडॅझोल यांची जोडगोळी असलेली पट्टी काढतो, कात्रीने चार गोळ्या कापून कागदात गुंडाळतो, आणि गिऱ्हाईक चिठ्ठीवाचून, तपासणीवाचून घरी जाते. चिठ्ठीशिवाय ही औषधे विकण्यास कायद्याने मनाई आहे. पण मनाई मोडली यापेक्षा मला अधिक सलते ते हे की साध्या, आपोआप थांबणाऱ्या जुलाबासाठीही आपण आतड्यातील त्या उपकारक वस्तीवर सरसकट घाव घालतो. त्यावर उतारा म्हणून सोबत जीवाणूंची कॅप्सूल देण्याची प्रथा आहे. वाइझमन संस्थेतच 2018 साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर अशी कॅप्सूल घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळचे जंतू पूर्वपदावर यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त काळ लागला. आणि अमेरिकेतील पचनसंस्थातज्ज्ञांच्या संघटनेने 2020 साली क्रोन व कोलायटिसच्या रुग्णांना ही कॅप्सूल केवळ संशोधनाच्या चौकटीतच द्यावी असे सांगितले. घरच्या दह्याताकाला माझा यत्किंचितही विरोध नाही. ते अन्न आहे आणि उत्तम अन्न आहे, रोगावरचा इलाज मात्र नाही. गुळवेलीच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला असला तरी ज्याचा प्रतिकार आधीच बेलगाम आहे त्याने हा प्रयोग आपल्या अंगावर करू नये.

आपल्याकडे निदानाचे काम आणखी बिकट होण्याचे कारण क्षय. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा आजार हे दोन्ही बहुधा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात. ताप, वजन घटणे, व्रण, अरुंद झालेला मार्ग, सारे सारखे. तुकडा काढून तपासला तरी कित्येकदा फैसला होत नाही. आणि चूक दोन्हीकडून महागात पडते. क्षय असताना प्रतिकार दाबणारे औषध दिले तर क्षय अंगभर पसरतो, आणि क्रोन असताना क्षयाच्या गोळ्या चालू राहिल्या तर आतडे आत आक्रसत जाते. यास्तव संशय असला की आधी क्षयाचे औषध देऊन पाहण्याचा परिपाठ आपल्या डॉक्टरांनी स्वीकारला आहे, व तो मला योग्य वाटतो. अट एवढीच की दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने आतडे पुन्हा पाहिले पाहिजे, कारण क्षयाचे व्रण तोवर बहुधा भरून येतात, आणि क्रोनच्या रुग्णाला या गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटले तरी त्याचे व्रण तसेच राहतात. ही दुसरी तपासणी पैशाअभावी राहून जाते. गोळ्या सरकारी क्षयनिर्मूलन कार्यक्रमातून मोफत मिळतात, दुर्बिणीचा खर्च मात्र रुग्णाच्या खिशातून होतो, आणि शेतमजुराचे घर सहा महिने गोळ्या खाऊन, ती तपासणी टाळून, पुन्हा पहिल्या जागी येते. ज्या कार्यक्रमाने त्याला गोळ्या दिल्या त्याच कार्यक्रमाच्या खर्चात जिल्हा रुग्णालयातील ही दुसरी तपासणी धरावी, असे आरोग्य खात्याला माझे सांगणे आहे.