डोंगर अचानक का खचतो? सह्याद्रीतल्या दरडींमागचं कारण समजून घ्या

३० जुलै २०१४, माळीण. २२ जुलै २०२१, तळिये. १९ जुलै २०२३, इरशाळवाडी. तिन्ही घटना जुलैमधल्या आणि तिन्ही सह्याद्रीच्या कुशीतल्या. माळीणमध्ये दीडशेहून अधिक, तर तळिये आणि इरशाळवाडीत प्रत्येकी ८० च्या वर माणसं गेली. दरवेळी 'निसर्गाचा कोप' म्हणून आपण पुढे जातो. पण डोंगर खचतो तेव्हा नेमकं काय होतं?

डोंगर कशाचा बनलाय?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. महाराष्ट्रातला सह्याद्री म्हणजे याच पठाराची पश्चिमेकडची उभी कड. आतला काळा कातळ भक्कम आहे. पण ऊन-पावसाने झिजून त्यावर मुरूम आणि मातीचा थर तयार होतो. कातळ आणि मातीचा हा सांधाच कच्चा असतो.

पाऊस काय करतो?

सलग पावसात पाणी मातीत मुरतं, पण खालचा कातळ ते सहज आत घेत नाही. मग पाणी सांध्यावर साचतं. माती जड होते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा थर झाडं-घरांसकट खाली येतो.

तळियेची दरड कोसळली त्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात साधारण एवढा पाऊस पडायला अख्खा पावसाळा लागतो! त्यात हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे कोसळायला पाणीही जास्त.

माणसाचा हात किती?

शाळेत शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण असं आपण वेगवेगळं शिकलो. डोंगरावर मात्र सगळं एकत्रच काम करतं. झाडं तोडली की माती धरणारी मुळं जातात. रस्त्यासाठी पायथा कापला की उताराचा आधार जातो. प्रत्येक दरडीमागे हेच कारण असतं असं नाही. इरशाळवाडीच्या आजूबाजूला तर जंगल होतं.

मग अडलंय कुठे?

इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे 'आमचं गाव यादीत नाही' म्हणून निर्धास्त राहता येत नाही. दुसरीकडे, पश्चिम घाटाबद्दल गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. त्यानंतर जुलै २०२४ पर्यंत केंद्राने मसुदा अधिसूचना तब्बल सहा वेळा काढली. सहावी निघाली ती वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी.

हे लक्षात ठेवा

जमिनीला किंवा भिंतींना नव्या भेगा, कलू लागलेली झाडं आणि विजेचे खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, दारं-खिडक्या अडकणं, ही धोक्याची लक्षणं आहेत. मुसळधार पावसात यातलं काही दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. माळीण सकाळी गाडलं गेलं, इरशाळवाडी रात्री. डोंगर वेळ बघून खचत नाही.