घरात टॅबलेट : उपयोग किती, मर्यादा किती?



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचा एक पाय गावात आणि दुसरा मुंबईत असतो. थोरला भाऊ घाटकोपरला, पुतण्या बोरिवलीला, बहीण मुलुंडला. ही मंडळी गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतात. पूर्वी त्यांच्या सामानात ट्रान्झिस्टर असे, आता पिशवीतून टॅबलेट निघतो. टॅबलेट म्हणजे औषधाची गोळी नव्हे, तर पाटीसारखा सपाट संगणक. दहा-बारा हजार रुपये या पाटीत घालायचे, की त्यात ठिबकची दुरुस्ती करायची, की मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची, असा प्रश्न मग घरात उभा राहतो. म्हणून आज या वस्तूचा जमाखर्च मांडू.

आपल्याकडे या पाटीचा एक मोठा प्रयोग मुंबईच्या उपनगरातूनच झाला. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅबलेट आणला. पहिला नग मंद होता आणि त्याची बॅटरी लवकर संपे. सुधारित टॅबलेटचे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले. 11 नोव्हेंबर 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश 2’ बाहेर पडला. विद्यार्थ्याला तो 1,130 रुपयांत द्यावा असे ठरले होते. पवईत प्रा. दीपक फाटक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षणही हाती घेतले. पुढे मात्र योजना मागे पडली. 2015 साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅबलेट दिले. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागचा हेतू होता. 2018 मध्ये आठवीची पाठ्यपुस्तकेच बदलली. म्हणजे पाटी चांगली असली तरी आतला मजकूर वेळोवेळी बदलावा लागतो, आणि हे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. आपल्या घरातही हाच नियम लागू आहे.

आता जमेची बाजू पाहू. पहिला उपयोग मुलांच्या अभ्यासाचा. बालभारतीची पाठ्यपुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. एकदा उतरवली की नेटवर्क नसले तरी वाचता येतात, आणि अक्षर मोबाइलपेक्षा मोठे दिसते. दुसरा उपयोग कागदपत्रांचा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपये भरून घरबसल्या मिळतो. गावाकडे आई-वडिलांना आणि मुलुंडला भावाला एकच उतारा एकाच वेळी पाहता येतो, त्यामुळे भाऊबंदकीतले पुष्कळ गैरसमज टळतात. तिसरा उपयोग बाजारभावाचा. कृषी पणन मंडळ बाजार समित्यांची आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रसिद्ध करते. माल कोठे न्यावा याचा अंदाज त्यावरून येतो. मात्र पडद्यावरचा दर हा झालेल्या बाजाराचा असतो, उद्याचा नव्हे. त्यातून गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा करूनच आकडा मनात धरावा. चौथा उपयोग हिशेबाचा. बियाणे, खत, मजुरी आणि बचत गटाचे हप्ते रोज रात्री घरच्या लक्ष्मीने नोंदवून ठेवले, तर वर्षाअखेर कोणते पीक परवडले ते स्पष्ट दिसेल. एवढ्या एका कामासाठीसुद्धा पाटी घरात असावी असे मला वाटते.

आता खर्चाची बाजू. टॅबलेट ही ओसरीवरची वस्तू आहे, बांधावरची नव्हे. भर उन्हात पडदा धड दिसत नाही. पावसाचे थेंब पडले की बोटाची खूण त्याला नीट कळत नाही. उन्हात किंवा पत्र्याखाली तापला तर बॅटरी खराब होते. फवारणीच्या हातांनी तर त्याला शिवूही नये, कारण तीच पाटी पुढे मुलांच्या हातात जाते. स्वस्त टॅबलेटमध्ये पुष्कळदा सिमकार्डाची सोय नसते. मग मोबाइलचे इंटरनेट जोडून घ्यावे लागते. काहींत जागा ओळखणारे जीपीएसही नसते. 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र जागेसह नोंदवावे लागते. त्या कामाला खिशातला साधा स्मार्टफोनच बरा.

सर्वांत मोठी मर्यादा निराळीच आहे. कपाशीची पाने लाल पडली, छायाचित्र काढले, बोरिवलीच्या पुतण्याला पाठवले आणि त्याने इंटरनेटवर शोधून औषध सुचवले, असे आता सर्रास होते. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. लाल्या तुडतुड्यांमुळे येतो, मॅग्नेशियमच्या किंवा नत्राच्या कमतरतेने येतो, आणि पाणी साचल्यानेही येतो. छायाचित्रात लाली दिसते, कारण दिसत नाही. पान उलटून पाहावे. खालच्या बाजूस तिरपे चालणारे तुडतुडे आहेत का, शिरा हिरव्या राहून मधला भाग तेवढा लाल झाला आहे का, मुळाशी ओल किती आहे, हे पाहिल्यावरच उपाय ठरतो. कारण चुकले तर औषधाचे पैसे जातात आणि पीकही जाते. छायाचित्र पाठवायचेच असेल तर तीन पाठवावीत : पानाची खालची बाजू, पूर्ण झाड आणि शेताचा भाग. सोबत पेरणीची तारीख, दिलेले खत व झालेली फवारणी लिहावी, आणि ते सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावे. ‘आकाश’च्याही आधी पवईच्याच आयआयटीने शेतकऱ्यांचे प्रश्न संगणकावरून घेण्याची ‘ए-ॲक्वा’ नावाची सोय केली होती. तिथेही उत्तरे यंत्र देत नसे, तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ देत असत. पाटी निरोप पोचवते. निदान जाणत्या माणसाकडूनच घ्यावे.

एक सावधगिरी. सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडून बसवू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. बँकेचा व्यवहार आणि मुलांचा खेळ एकाच पाटीवर ठेवू नये.

तेव्हा मुंबईहून कोणी टॅबलेट आणणार असेल, तर आधी एवढे कळवावे : सिमकार्ड व जीपीएस असावे, पडदा निदान आठ इंची असावा, जाड कव्हर सोबत असावे, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होईल अशाच कंपनीचा असावा. त्याआधी घरातल्या सर्वांनी बसून कागदावर कामे लिहावीत. रोजच्या वापराची तीन कामे निघाली, तर टॅबलेट जरूर घ्यावा. एखादेच निघाले, तर ते मोबाइलवर भागवावे, आणि वाचलेले पैसे मुलीच्या फीसाठी किंवा ठिबकसाठी राखून ठेवावेत.